झेडपीच्या शाळेला माल विकायचा तर...

आपल्याकडे दरवर्षी फायनल इयरचे जे प्रोजेक्ट होतात, त्यातले निदान दोन-तीन 'ग्रामीण शाळांसाठी उपयुक्त' असतात. कोणी पाण्याचा फिल्टर करतो, कोणी सोलरवर चालणारा दिवा, कोणी विज्ञानाची पेटी. रिपोर्टच्या शेवटच्या प्रकरणात तसे वाक्य असते आणि एक्स्टर्नल सरही मान डोलावतात. पण ती ग्रामीण शाळा ही वस्तू घेणार कोणाच्या सहीने आणि कुठल्या पैशातून, हे मी आजवर एकाही रिपोर्टमध्ये वाचलेले नाही.

मी ढाणकीचा, तालुका उमरखेड. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा सुरू होतो, त्यामुळे आमच्याकडच्या शाळांना माल पुरवायला नांदेडचे एजंट येतात, पुसदचे येतात आणि उमरखेडचे तर असतातच. आमचे स्वतःचे वह्या-पुस्तकांचे दुकान असल्याने हा व्यवहार मला काउंटरच्या आतून पाहायला मिळाला. ज्यांना डिग्री घेऊन पुण्याला न जाता आपल्याच तालुक्यात काही करायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तालुक्यात पगार देणारी कंपनी नाही, पण गावोगाव, तांड्या-तांड्यावर झेडपीची शाळा आहे. म्हणजे गिऱ्हाईक आहे.

आधी हे समजून घ्या की 'शाळा' नावाचे एकच गिऱ्हाईक नसते. यवतमाळला जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, उमरखेडला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्याखाली केंद्रप्रमुख आणि शेवटी शाळेचे मुख्याध्यापक. बाके, संगणक असा मोठा माल जिल्ह्याच्या पातळीवर निविदा काढून किंवा जेम पोर्टलवरून घेतला जातो. हे पोर्टल केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केले. तिथे नाव नोंदवायला हरकत नाही, पण नव्या पोराने तिथल्या मोठ्या ऑर्डरकडे डोळे लावून बसू नये. अनुभवाचे दाखले, उलाढालीची अट, अनामत रक्कम, यातच दम निघतो. आपल्या कुवतीचे गिऱ्हाईक म्हणजे शाळा स्वतः, आणि तिचा खरा मालक म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती.

ही समिती शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ ने आली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्याकडे अध्यक्ष पालकांमधून असतो आणि मुख्याध्यापक सचिव. बाहेरचे एजंट फक्त हेडसरांना भेटतात, चहा घेतात, कॅटलॉग ठेवतात आणि निघून जातात. पण ठराव समितीत होतो. तिथे एखादी बाई विचारते, "हे बिघडलं तं कोन दुरुस्त करन?" आणि कॅटलॉगमध्ये त्याचे उत्तर नसते. ढाणकीच्या पोराकडे ते असते, कारण तो सायकलवर येऊ शकतो. माझ्या मते आपली सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच आहे, स्वस्त दर नव्हे.

आता पैशाचे. समग्र शिक्षा अभियान २०१८ मध्ये सुरू झाले. त्यातून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मंजूर होते. सध्याचे टप्पे असे : पट ३० पर्यंत १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख. हे वर्षाचे आहे हो, महिन्याचे नाही! यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्चावा लागतो. तांड्यावरची २८ पोरांची शाळा धरा. दहा हजारांतले एक हजार स्वच्छतेचे गेले. लाईट बिल महिन्याला ५०० धरले तरी वर्षाचे ६,०००. राहिले ३,०००. त्यात खडू, रजिस्टरे, एखादी पाटी रंगवणे, तुटलेला नळ. या शाळेला तुम्ही १५,००० चा फिल्टर विकायला निघालात तर सर बिचारे हसतील सुद्धा नाहीत. उलट १२०-१३० पटाच्या शाळेशी याच वस्तूबद्दल बोलता येईल. म्हणून दारात जाण्यापूर्वी त्या शाळेचा पट माहीत पाहिजे. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, आपल्या जिल्ह्याचा २७१४ ने सुरू होतो. यू-डायसच्या साईटवर शाळेची माहिती मिळते. अर्धा तास तिथे घालवला तर पेट्रोल वाचते.

याशिवाय ग्रंथालयासाठी आणि खेळाच्या साहित्यासाठी वेगळे अनुदान असते. प्राथमिक शाळेला खेळासाठी वर्षाला ५,००० पर्यंत. रक्कम लहान आहे, पण वेगळ्या डब्यातली आहे. खेळाचे पैसे फिल्टरला वापरता येत नाहीत आणि फिल्टरचे खेळाला. कुठल्या हेडखाली आपली वस्तू बसते हे आपणच सांगितले तर सरांचे अर्धे काम हलके होते.

मुख्याध्यापक खरेदीला एवढे का घाबरतात, हेही सांगतो. पुढे ऑडिट होते. आक्षेप निघाला आणि तो मिटला नाही, तर वसुली त्यांच्या पगारातून होऊ शकते. तेव्हा तुमची वस्तू कितीही चांगली असली तरी कागद कच्चा असेल तर ते नाहीच म्हणणार, आणि त्यांचे बरोबर आहे. कागदांची साखळी अशी असते : समितीचा ठराव, दरपत्रके मागवणे, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, मग माल, साठा नोंदवहीत नोंद, आणि शेवटी बिल. राज्याच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. कितीपर्यंत दरपत्रकावर घ्यायचे आणि कितीच्या वर निविदा, या मर्यादा नंतरच्या जीआरने बदलतात, म्हणून ताजा जीआर डाऊनलोड करून जवळ ठेवा. पुरवठा आदेशाच्या आधीची तारीख बिलावर टाकू नका. असले बिल मी परत येताना पाहिले आहे आणि दुकानदार चार महिने चकरा मारत होता.

दुसरे म्हणजे, तीन दरपत्रके एकाच माणसाने तीन लेटरहेडवर आणून देण्याची 'सोय' बाजारात मिळते. तिच्या नादी लागू नका. तसेच कोणी टक्केवारी मागितली तर लक्षात ठेवा, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केल्यास सुटका आहे. खरे सांगायचे तर बहुतेक शाळांत हा प्रश्न येतच नाही, तीन हजारांत टक्के तरी किती काढणार!

जीएसटीचेही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, नकाशे यांवरचा कर शून्य झाला. जुन्या सॉफ्टवेअरमधून १२ टक्के लावलेले बिल गेले तर ऑडिटवाला ते पहिले उचलेल.

या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका मात्र बिलाचा नाही, वरून येणाऱ्या निर्णयाचा आहे. गणवेशाचेच घ्या. समिती गावातल्या किंवा उमरखेडच्या दुकानातून घ्यायची. २०१७ मध्ये पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात द्यायचे ठरले, नंतर पुन्हा समितीकडे आले, दोन जोडांचे ६०० रुपये. मग 'एक राज्य एक गणवेश' आले. २०२४-२५ ला कापड राज्य पातळीवरून घेऊन महिला बचत गटांकडून शिवून घेण्याचे ठरले. स्काऊट-गाईडचा दुसरा गणवेश शिवायला समितीला मिळाले १०० रुपये आणि वर १० रुपये किरकोळ खर्चाचे. एवढ्यात शिवून देणारा टेलर शोधून दाखवा. राज्यभर गणवेश उशिरा पोचले, मापे चुकल्याच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा समितीकडे दिली. मधल्या वर्षी ज्या लहान दुकानदाराने नेहमीप्रमाणे मेमध्येच कापड भरून ठेवले, त्याचे भांडवल वर्षभर अडकले. म्हणून एकाच शासकीय योजनेवर सगळे दुकान उभे करू नये असे मला वाटते. निम्मे गिऱ्हाईक तरी खाजगी असावे.

वेळापत्रकही वेगळे असते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा वस्तू दाखवायची, पैसे मागायचे नाहीत. अनुदान बहुधा दिवाळीनंतर आणि पुष्कळदा मार्चच्या तोंडावर येते आणि ३१ मार्चपर्यंत खर्च झाले नाही तर हातचे जाते. त्या पंधरा दिवसांत ज्याचे दरपत्रक आधीच फाईलला आहे त्यालाच ऑर्डर मिळते.

पैसे कसे मिळतात? पूर्वी सर चेक फाडून द्यायचे. २०२१ मध्ये आलेल्या पद्धतीत योजनेचा पैसा एकाच मुख्य खात्यात राहतो, शाळेचे खाते शून्य शिलकीचे असते आणि पेमेंट पीएफएमएस प्रणालीतून होते. त्यात पुरवठादार म्हणून तुमची नोंद लागते. दुकानाचे नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, सगळे पासबुकाप्रमाणे तंतोतंत. 'श्री' आणि 'श्रीराम' असा फरक असला तरी अडते. नोंद झाली की ऑनलाईन बिल टाकले जाते, दुसऱ्या लॉगिनमधून मंजूर होते, मग छापील पेमेंट ॲडव्हाईसवर सह्या होऊन ती बँकेत जाते. मार्चमध्ये सर्व्हर हळू आणि नेटवर्क त्याहून हळू, तेव्हा सरांसोबत लॅपटॉप घेऊन बसणारा इंजिनिअर पुरवठादार त्यांना फार आवडतो. बिलासोबत रद्द केलेल्या चेकची झेरॉक्स जोडा, मालाची पोच सही-शिक्क्यानिशी घ्या आणि पेमेंट ॲडव्हाईसचा नंबर लिहून आणा. बँकेत चौकशीला गेलात की पहिल्यांदा तोच विचारतात.