कोकणच्या चढावर विजेची सायकल : मोटर, कंट्रोलर आणि किट यांची निवड

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात सपाट रस्ता हा अपवादच मानावा लागेल. खाडीकाठचे गाव, त्याच्या डोक्यावरचा जांभ्या दगडाचा सडा आणि दोहोंना जोडणारी घाटी किंवा पाखाडी, हे येथील वस्तीचे जुने स्वरूप आहे. आरे-वारेचा किनारी रस्ता असो की पावसकडे जाणारा मार्ग असो, थोड्याथोड्या अंतराने चढ आणि उतार यांचा पाठशिवणीचा खेळ चाललेला दिसतो. शाळा एका वाडीत, आरोग्य उपकेंद्र दुसऱ्या वाडीत आणि बाजार तिसऱ्याच गावी, अशा परिस्थितीत साध्या सायकलचा उपयोग येथे देशावरच्या मानाने कमी झाला, यात नवल नाही.

विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या सायकलीमुळे ही अडचण बरीच दूर होऊ शकते. ज्या जिल्ह्यात पोफळी येथे कोयनेच्या पाण्यापासून वीज निर्माण होते, तेथील विद्यार्थ्याला, आशा सेविकेला किंवा पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला अर्ध्या युनिटहून कमी विजेत दिवसाचा प्रवास करता यावा, ही कल्पना निश्चितच आकर्षक आहे. तथापि, बाजारात मिळणारी किटे अनेक प्रकारची आहेत आणि विक्रेता बहुधा मोटर किती वॅटची, एवढेच सांगतो. चढाच्या प्रदेशात हा निकष अपुरा ठरतो. मोठी मोटर घेण्यापेक्षा योग्य गिअरची मोटर घेणे येथे अधिक हिताचे आहे, हे पुढील विवेचनावरून वाचकांच्या लक्षात येईल.

प्रयत्नांची परंपरा

सायकलच्या चाकातच मोटर बसविण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना मागील चाकात मोटर असलेल्या सायकलचे पेटंट १८९५ मध्येच मिळाले होते. महाराष्ट्रात फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० नंतरच्या दशकात पायडलच्या रिक्षाला मोटरचे साहाय्य देण्याचे आणि विजेवरील रिक्षा तयार करण्याचे प्रयोग केले. कोकणातील माथेरानच्या चढाच्या रस्त्यांवर, सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीनंतर, डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. ज्या चढावर वाहन रोज चालवावयाचे त्याच चढावर त्याची आधी परीक्षा घ्यावी, हा त्या उपक्रमामागील विचार सायकलच्या बाबतीतही तितकाच लागू पडतो.

आधी रस्ता, मग यंत्र

निवडीची पहिली पायरी म्हणजे आपल्या मार्गाचा चढ मोजणे. गवंड्याजवळ असणाऱ्या पाण्याच्या पारदर्शक नळीने हे काम शाळेतील मुलेही करू शकतात. दहा मीटर लांबीत रस्ता ६० सेंटिमीटर वर चढत असेल, तर चढ ६ टक्के समजावा. एक मीटर चढत असेल, तर १० टक्के.

सायकल व किट ३० किलो, स्वार ६५ किलो आणि सामान १५ किलो, असे एकूण ११० किलो वजन धरले, तर सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगासाठी चाकाशी सुमारे १२० वॅट शक्ती लागते. ६ टक्के चढावर ताशी १२ किलोमीटर वेगाने जाण्यास सुमारे २६५ वॅट, तर १० टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेगासाठी सुमारे ३४० वॅट लागतात. निरोगी माणूस पायडल मारून सातत्याने ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. म्हणजेच ६ टक्के चढावर मोटरने पावणेदोनशे वॅटच्या आसपास शक्ती पुरविली तरी भागते. १० टक्के चढावर हाच आकडा अडीचशेच्या घरात जातो. परंतु वेग ताशी ८ किलोमीटरवर आणला, तर तो पुन्हा पावणेदोनशेवर येतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रश्न शक्ती कमी पडण्याचा नसून, संथ वेगात ती शक्ती कार्यक्षमतेने देऊ शकणाऱ्या मोटरचा आहे.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार, ज्या सायकलच्या साहाय्यक मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आहे, जिचे साहाय्य वेग वाढत जाताना क्रमाने कमी होऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा स्वाराने पायडल मारणे थांबविताच, बंद होते आणि जिला योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक बसविलेला आहे, ती सायकल मोटार वाहन गणली जात नाही. अशा सायकलला नोंदणी अथवा चालकाचा परवाना लागत नाही. मात्र ५०० किंवा १००० वॅटचे किट बसविताच ही सवलत संपते. मग ते नोंदणी नसलेले आणि विमा नसलेले मोटार वाहन ठरते. अपघात झाल्यास त्याचा भार स्वारावर, आणि ते वाहन संस्थेने दिलेले असल्यास संस्थेवरही येऊ शकतो. विद्यार्थ्यांच्या हाती अशी सायकल देणे सर्वथा अनुचित होय.

पेट्रोलवर चालणारी स्कूटर किंवा मोटारसायकल विजेवर आणण्याची बाब याहून वेगळी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता आवश्यक असते. किट त्या विशिष्ट वाहनासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित केलेले असावे लागते आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. सायकलसाठीचे किट मोटारसायकलला बसविणे हा यावरील उपाय नव्हे.

मोटरचे तीन प्रकार

पहिला प्रकार गिअर नसलेल्या हब मोटरचा. हिच्यात चाक आणि मोटर एकाच गतीने फिरतात. झिजणारे भाग फारच थोडे असल्यामुळे ती आवाज न करता वर्षानुवर्षे चालते. परंतु २६ इंची चाक ताशी १० किलोमीटर वेगाला मिनिटास केवळ ८० फेरे घेते. इतक्या संथ गतीत जोर देण्यासाठी मोटर अधिक विद्युत्प्रवाह ओढते, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारांच्या वेटोळ्यातील उष्णता चौपट होते. लांब चढावर मोटर तापते, बॅटरी लवकर रिकामी होते आणि स्वाराची निराशा होते. सपाट नगरासाठी उत्तम असलेले हे यंत्र घाटीसाठी तितकेसे योग्य नाही.

दुसरा प्रकार गिअर असलेल्या हब मोटरचा. हबच्या आतील दंतचक्रांमुळे मोटर चाकाच्या सुमारे पाचपट वेगाने फिरते. चाकाचे ८० फेरे होतात तेव्हा मोटरचे ४०० होतात आणि ती आपल्या सोयीच्या गतीत राहते. तिचे वजन कमी असते. आत फ्रीव्हील असल्याने मोटर बंद असताना सायकल जड चालत नाही. नायलॉनची दंतचक्रे कालांतराने झिजतात, म्हणून ती सुटी मिळतात काय, हे खरेदीपूर्वीच विचारावे. ६ ते ८ टक्क्यांच्या चढांसाठी आणि साध्या सायकलसाठी हाच प्रकार सर्वसाधारणपणे श्रेयस्कर ठरतो.

तिसरा प्रकार पायडलजवळ बसणाऱ्या मोटरचा. ती चेनमधून शक्ती देते, त्यामुळे सायकलचे स्वतःचे गिअर तिच्या उपयोगी पडतात. अतितीव्र चढासाठी हिच्यासारखी दुसरी नाही. मात्र सायकल अनेक गिअरची असेल तरच हा लाभ मिळतो; एकाच गिअरच्या काळ्या सायकलला ती बसविणे व्यर्थ होय. शिवाय चेन आणि दंतचक्रे लवकर झिजतात.

उतारावर मोटरने बॅटरी पुन्हा भरते, असे विक्रेते सांगतात. ही सोय साधारणतः गिअर नसलेल्या मोटरमध्येच असते. सायकलचे वजन अल्प असल्याने मिळणारी वीजही थोडीच असते. त्यातही सड्यावर राहणारा माणूस रात्री बॅटरी पूर्ण भरून सकाळी उतार उतरू लागला, तर भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज सामावणार कोठे? या एका गुणासाठी मोटरची निवड करू नये.

कंट्रोलर : यंत्राचा द्वारपाल

बॅटरीतून मोटरकडे किती वीज सोडायची, हे कंट्रोलर ठरवितो. त्याच्यावर व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे असतात. ३६ व्होल्ट आणि १५ अँपिअर यांचा गुणाकार ५४० वॅट होतो. चढावर क्षणभर ओढली जाणारी ही कमाल शक्ती होय. मोटरची अखंड शक्ती आणि ही क्षणिक शक्ती यांची गल्लत करू नये.

तीन गोष्टींचा मेळ येथे बसला पाहिजे. कंट्रोलर व बॅटरी यांचे व्होल्ट सारखे असावेत. बॅटरीच्या संरक्षक मंडलाची अखंड प्रवाहाची मर्यादा कंट्रोलरच्या मर्यादेहून अधिक असावी. कंट्रोलर १५ अँपिअरचा असेल, तर बॅटरी २० अँपिअर देणारी हवी. अन्यथा नेमक्या चढाच्या मध्यावर वीज तुटते. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी कळ ब्रेकच्या दांडीतच असावी. ताशी २५ किलोमीटरची मर्यादा उठविण्याची गुप्त सोय असलेला कंट्रोलर संस्थांनी स्वीकारू नये.

बॅटरी आणि चार्जर

३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा असते. ११० किलो वजन १०० मीटर उंच नेण्यास, यंत्रातील घट धरून, सुमारे ४० वॅट-तास खर्च होतात. जाऊन-येऊन १६ किलोमीटर अंतर आणि एकूण २०० मीटर चढ असलेल्या मार्गावर, स्वाराने पायडल मारले नाही असे धरले तरी, सुमारे २१० वॅट-तास लागतील. काही वर्षांत बॅटरीची क्षमता पाव हिश्शाने घटली, तरी ती पुरेल.

चार्जरची अदलाबदल मात्र कदापि करू नये. दहा घटांची सामान्य लिथियम-आयन बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते, तर बारा घटांची लोह-फॉस्फेट बॅटरी ४३.८ व्होल्टला. दोन्हींवर ३६ व्होल्ट असेच ढोबळपणे लिहिलेले आढळते. दुसरीचा चार्जर पहिलीला लावणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. देशात २०२२ च्या उन्हाळ्यात विजेवरील दुचाकींना आगी लागल्यानंतर केंद्र शासनाने वाहनांच्या बॅटरीविषयीच्या चाचण्या अधिक कडक केल्या. बॅटरी जिन्याखाली अथवा दाराच्या वाटेत भरू नये, सर्व निजले असताना भरू नये आणि चढ चढून आल्यावर थंड होऊ द्यावी. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे, पुरवठादाराच्या संकलन व्यवस्थेकडे द्यावी.

पाऊस, खारा वारा आणि ब्रेक

रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि किनाऱ्यावरील खारी हवा तांब्याला फार काळ टिकू देत नाही. हब मोटरची तार आसाच्या पोकळीतून आत जाते. पाणी त्याच तारेवरून ओघळत मोटरमध्ये शिरते. म्हणून तारेला आसाखाली झोळ देऊन मग ती वर न्यावी, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. जोड जलरोधक असावेत आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर उघडून पाहावेत. दाबाच्या पाण्याने सायकल धुऊ नये.

पुढच्या चाकाचे किट बसविण्यास सोपे असते. परंतु चढावर पुढील चाकावरचे वजन हलके होते आणि शेवाळलेल्या जांभ्यावर ते घसरते. यास्तव मागील चाकाचे किट पत्करावे. कोणत्याही हब मोटरचा आस चिमट्याच्या खाचेत उलट फिरू पाहतो, म्हणून टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी बसविल्यावाचून सायकल रस्त्यावर आणू नये. जुन्या सायकलीचे सळईचे ब्रेक ओल्या रिमवर नीट धरत नाहीत. डिस्क ब्रेक बसविणे शक्य नसेल, तर त्या सायकलीला किटही बसवू नये. चढ चढविणाऱ्या यंत्राइतकेच उतार सांभाळणारे यंत्रही महत्त्वाचे आहे.

संस्थांनी घ्यावयाची दक्षता

ग्रामपंचायत किंवा शाळा अशा सायकली खरेदी करणार असेल, तर मागणीपत्रात केवळ २५० वॅट असा उल्लेख न करता, आपल्या गावातील विशिष्ट चढाचे नाव, लांबी आणि टक्केवारी लिहावी. ११० किलो वजनासह त्या चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघणे आणि तीन वेळा लागोपाठ चढणे, ही चाचणी ठेवावी. चाचणीनंतर मोटरवर सावधपणे हात ठेवून पाहावा. तो क्षणभरही ठेववत नसेल, तर ती मोटर त्या चढासाठी नव्हे. मोटरच्या शक्तीचे प्रमाणपत्र, बॅटरीची लेखी हमी, कंट्रोलर व दंतचक्रे यांचे सुटे भाग आणि तालुक्यात दुरुस्तीची सोय, या चार गोष्टी किमतीआधी पाहाव्यात. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि रत्नागिरीचे शासकीय तंत्रनिकेतन यांच्या साहाय्याने गावातील सायकल दुरुस्तीवाल्याला हे शिक्षण मिळाले, तर यंत्र बंद पडून अडगळीत जाणार नाही. गावात रोजगाराचे एक नवे साधनही निर्माण होईल.

स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले प्रचंड शक्तीचे किट कायद्यात बसत नाही आणि चढावरही बहुधा टिकत नाही. रस्ता मोजून, वजन धरून आणि मोटर, कंट्रोलर, बॅटरी व ब्रेक यांचा परस्परांशी मेळ घालून निवडलेली अल्प शक्तीची सायकल मात्र सड्यावरच्या वाडीला खाडीकाठच्या शाळेशी व दवाखान्याशी जोडू शकते. त्यासाठी लागणारी पाण्याची नळी आणि मोजपट्टी प्रत्येक गावात उपलब्ध आहे; खरेदीचा ठराव करण्यापूर्वी ती घेऊन रस्त्यावर उतरणे, एवढेच करावयाचे आहे.