ओव्हरक्लॉकिंगनंतर पीसी बंद पडतोय? पाकिटाआधी बायॉस उघडा

असेंबल केलेल्या पीसीचा प्रोसेसर तुम्ही बायॉसमध्ये जाऊन ४.५ गिगाहर्ट्झवरून ४.८ वर नेलात. दोन दिवस सगळं झकास चाललं. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ रेंडर होताना ८० टक्क्यांवर निळा पडदा आला आणि पीसी आपोआप रीस्टार्ट झाला. दुकानात फोन केला, तर उत्तर ठरलेलं: ‘एसएमपीएस बदलून टाका’, नाहीतर ‘मोठा कूलर बसवा’. दोन्ही केलं तर दहा-बारा हजार गेले. दोष नेमका कुठे आहे, हे मात्र घरीच आणि फुकटात शोधता येतं. खर्चाचा प्रश्न त्यानंतरचा.

पहिली पायरी: शून्य रुपये

बायॉसमधल्या सध्याच्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या. बायॉस रीसेट केल्यावर विंडोज ती मागू शकते, आणि ती जवळ नसेल तर स्वतःच्याच फाइल उघडता येत नाहीत.

आता ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डीफॉल्ट्स’ निवडा आणि दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा. एरर थांबली, तर दोष ओव्हरक्लॉकचा. डीफॉल्टवरही तीच एरर येत असेल, तर एखादा भाग, ड्रायव्हर किंवा विंडोजच बिघडलेली असू शकते. अशा वेळी प्रोसेसरच्या सेटिंगशी झटापट करण्यात अर्थ नाही.

पीसी सुरूच होत नसेल, तरी घाबरू नका. प्लग काढा, मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि परत बसवा. बायॉस मूळ सेटिंगवर येतो. सेल जुना झाला असेल तर नवा ३० ते ६० रुपयांत मिळतो.

एरर कुठे बोट दाखवते?

निळ्या पडद्यावरच्या इंग्रजी ओळीचा फोटो काढा. निदानाची सुरुवात तिथूनच होते.

- डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर (कोड ०x१२४): हार्डवेअरनेच चूक कळवली आहे. ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीत पहिला संशय वेगाच्या मानाने कमी पडणाऱ्या व्होल्टेजवर घ्यावा.
- क्लॉक वॉचडॉग टाइमआउट (०x१०१): एका कोअरने ठरलेल्या वेळेत उत्तर दिलं नाही. इथेही वेग जास्त किंवा व्होल्टेज कमी.
- मेमरी मॅनेजमेंट (०x१ए) किंवा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल (०x०ए): कारण ड्रायव्हरही असू शकतं, पण आधी रॅम तपासा. एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ते बंद करून पाहा आणि मेमटेस्ट८६ हे मोफत साधन पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तरी रॅमचं सेटिंग नापास.
- निळा पडदा न येता पीसी एकदम बंद: संशय एसएमपीएस, यूपीएस आणि तापमानावर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल. पण पीसी नीट बंद झाला नव्हता, एवढंच ती सांगते. तिच्यावरून एसएमपीएस दोषी ठरवू नका.
- जड टेस्ट पास, पण नुसता बसलेला पीसी हँग: रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे आकडा जास्त टाकला की असं होतं. हलक्या कामात एखादा कोअर सर्वांत जास्त वेग गाठतो आणि नेमकं तिथेच व्होल्टेज कमी पडतं. आकडा शून्याच्या जवळ आणा.

एक एरर पडद्यावर येतच नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या १९ क्रमांकाच्या नोंदी साचत असतील, तर हार्डवेअर चुका करतंय आणि त्या गुपचूप सुधारल्या जाताहेत. एखाद दिवशी एखादी सुधारली जाणार नाही. त्या पीसीवर घरचे फोटो किंवा धंद्याचे हिशेब असतील, तर या नोंदी निळ्या पडद्याइतक्याच गंभीर समजा.

दुरुस्ती: मागे येणं सर्वांत स्वस्त

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी मल्टिप्लायर एकाने खाली आणा. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असतो, म्हणजे ४८चा ४७ केला की वेग ४.८वरून ४.७ गिगाहर्ट्झ होतो. फरक हाताला जाणवणारही नाही, एरर मात्र अनेकदा थांबते.

व्होल्टेज वाढवण्याचा मोह इथेच आवरा. प्रोसेसरची वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.५चे ४.८ गिगाहर्ट्झ करायला १.२० व्होल्टचे १.३५ करावे लागले, तर वेग साडेसहा टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि उष्णता सुमारे ३५ टक्के. पुढचा सगळा खर्च या ३५ टक्क्यांतून येतो.

प्रत्येक बदलानंतर प्राइम९५ किंवा ओसीसीटी तासभर चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहत राहा. दोन्ही कामं मोफत होतात. अलीकडच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा साधारण १०० अंश, तर रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५ अंश सेल्सिअस आहे. ती गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मग एरर येत नाही, पण ओव्हरक्लॉकचा फायदाही उरत नाही.

डिसेंबरात पास झालेलं सेटिंग मे महिन्यात नापास होतं. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. नागपूर-अकोल्याकडे हिवाळ्यात टेस्ट करणाऱ्यांनी मर्यादेच्या २० अंश खालीच थांबावं.

पैसे खर्च करायचेच, तर या क्रमाने

भाव साधारण आहेत. ब्रँड आणि डॉलरच्या दराप्रमाणे ते हलतात.

१. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट: पेस्ट ३०० ते ७००, दुकानात करून घेतल्यास मजुरी ३०० ते ५०० रुपये. तापमान पूर्वीपेक्षा वाढलं असेल तर सुरुवात इथून.

२. टॉवर एअर कूलर: १,५०० ते ३,००० रुपये. प्रोसेसरसोबत आलेल्या छोट्या पंख्यावर ओव्हरक्लॉक केलं असेल तर हा हवाच.

३. यूपीएस: घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. ग्राफिक्स कार्ड असलेला, ओव्हरक्लॉक केलेला पीसी जोरात चालताना वीज गेली की तो टिकत नाही आणि दोष मात्र प्रोसेसरवर जातो. आधी पीसी काही काळ थेट सॉकेटवर चालवून पाहा. दोष यूपीएसचाच निघाला, तर एक केव्हीएचा ४,५०० ते ६,५०० रुपयांना पडेल.

४. एसएमपीएस: चांगला ६५० वॉटचा ४,००० ते ८,००० रुपये. विकत घेण्याआधी मित्राचा एक दिवस लावून पाहा.

५. २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर: ५,००० ते ९,००० रुपये. ही शेवटची पायरी.

विजेचाही हिशेब धरा. ओव्हरक्लॉकमुळे ६० वॉट जास्त लागले आणि पीसी रोज चार तास जोरात चालला, तर महिन्याला ७.२ युनिट वाढतात. १० रुपये दराने महिन्याला ७२ आणि वर्षाला ८६४ रुपये.

वॉरंटी आणि पावती

ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर चालवल्यामुळे झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी या दोघांच्याही वॉरंटीत बसत नाही. लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल आणि सीलबंद बॉक्स घ्या. ‘ट्रे’वाला सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर राहते.

एक अपवाद लक्षात ठेवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होत होते. कंपनीने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड अपडेट दिला आणि अशा बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. अपडेट नव्या बायॉससोबत फुकट मिळतो, पण आधी झालेली झीज त्याने भरून निघत नाही. डीफॉल्टवरही एरर येत असेल, तर प्रोसेसर बदलून मागा. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

थांबायचं कुठे?

१९९८ मध्ये इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए लोक ४५० वर चालवत: पन्नास टक्के वाढ, जवळजवळ फुकट. आजचे प्रोसेसर स्वतःच स्वतःला ताणतात. तुमच्या वाट्याला उरतात पाच-दहा टक्के. म्हणून मर्यादा आधीच ठरवा: तुमच्या प्रोसेसरच्या आणि त्याच्या वरच्या मॉडेलच्या किमतीत जेवढा फरक, तेवढाच जास्तीत जास्त खर्च. त्यापुढे गेलात तर वरचं मॉडेल घेणंच स्वस्त, शिवाय वॉरंटी शाबूत.

आणि दुकानात गेलातच, तर तीन गोष्टी लिहून न्या: डीफॉल्टवर पीसी किती दिवस चालला, एररचा कोड कोणता होता, आणि बंद पडताना तापमान किती होतं. एवढा कागद समोर ठेवल्यावर एसएमपीएस बदला म्हणणाऱ्याला का, तेही सांगावं लागेल.