पावसाळाभर उभी राहिलेली गाडी : ठेवताना आणि बाहेर काढताना



मृगाचा पाऊस लागला की काळ्या रानातला वस्तीचा रस्ता चारचाकीला बंद होतो. मग जीप किंवा मोटार शेडमध्ये जाते, ती दसऱ्यालाच बाहेर निघते. कुणाचा मुलगा परगावी नोकरीला असतो, त्याची गाडी वर्षातून दोनदाच फिरते. "उभीच तर आहे, तिला काय होतंय?" असे आपण सहज म्हणतो. पण तोडलेला ऊस फडात पडून राहिला की त्याचे वजन घटते, तशी उभी गाडीही आतून बिघडत असते. उसाची घट काट्यावर दिसते. गाडीची घट मात्र घाटात ब्रेक दाबल्यावर कळली तर फार उशीर झालेला असतो. म्हणून या अंकात आपण हा विषय घेतला आहे.

गाडी ठेवण्यापूर्वी

गाडी धुवून, खालचा चिखल काढून, पूर्ण वाळवून मगच शेडमध्ये घ्यावी. ओला चिखल पत्र्याला चिकटून राहिला की तिथेच गंज धरतो. इंजिनातले ऑईल जुने असेल तर ठेवण्यापूर्वीच बदलावे. वापरलेल्या काळ्या ऑईलमध्ये ओल व आम्ल असते, ते महिनोन्‌महिने आतल्या भागांना खात बसते.

पेट्रोल गाडीची टाकी भरून ठेवावी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्या उसापासूनही होते, याचा आपणास आनंदच आहे. पण इथेनॉलचा गुण असा की ते हवेतली ओल ओढून घेते. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणून ओलही कमी. डिझेल गाडीचीही टाकी भरावी. अर्धी टाकी रात्रीच्या गारव्याने आतून घामेजते आणि ते पाणी डिझेलच्या तळाशी साचते.

हँडब्रेक ओढून ठेवू नये. दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवावी व चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन-चार पौंड हवा जास्त भरावी.

बॅटरी पूर्ण चार्ज करून, मायनसची वायर आधी काढावी. प्लसची आधी काढायला गेलो आणि पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते. जोडताना उलट क्रम : प्लस आधी, मायनस शेवटी. नव्या गाड्यांत वायर काढण्यापूर्वी गाडीसोबतचे पुस्तक पाहावे.

आणि उंदीर! शेडमध्ये गाडीशेजारी पेंड, धान्याची पोती, भुसा ठेवू नये. उंदीर वायरी कुरतडतात, एअर फिल्टरच्या डब्यात घरटे करतात. सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. मात्र जाळी बांधल्याची खूण म्हणून स्टेअरिंगला लाल फडके बांधावे, म्हणजे काढायचे राहणार नाही.

मध्यंतरी काय करावे

पुष्कळ जण आठवड्याला पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करतात. त्याने फायद्यापेक्षा तोटाच होतो. इंजिन पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये व ऑईलमध्ये पाणी साचते. सेल मारताना गेलेला करंटही भरून निघत नाही. उघडीप मिळाली तर पंधरा दिवसांनी आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवून आणावी. ते जमत नसेल तर सुरूच करू नये. नुसती हाताने थोडी पुढे-मागे ढकलावी, म्हणजे टायर एकाच जागी चेपणार नाहीत.

बाहेर काढताना

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, घरची माणसे बसवली आणि थेट देवदर्शनाला निघालो, असे बहुतेक ठिकाणी होते. धोका इथेच आहे. ही कामे दसऱ्याच्या चार दिवस आधी करावीत.

१. बॉनेट बाहेरून थापटून मग उघडावे. पावसाळ्यात आत उंदीरच नव्हे, सापही सापडतो. वायरी, बेल्ट, फिल्टर नीट पाहावे.

२. गाडीखाली तेल-पाणी सांडलेले आहे का पाहावे. इंजिन ऑईल, रेडिएटरचे पाणी, ब्रेक ऑईल तपासावे. ब्रेक ऑईलही ओल ओढते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावेच.

३. टायरला भेगा आहेत का बघावे आणि हवा नेहमीइतकी करावी. टायरवरचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख : २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

४. शेडची दारे सताड उघडून किंवा गाडी बाहेर ढकलूनच इंजिन सुरू करावे. बंद शेडमध्ये धुरातला विषारी वायू वासाशिवाय माणूस मारतो.

५. सुरू होताच रेस करू नये. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर इंजिन लगेच बंद करावे.

६. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबून पाय तसाच दाबून ठेवावा. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. गाडी हलवू नये, मिस्त्रीला बोलवावे. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर चालू आहे असे समजावे.

पहिला फेरा

पहिला ब्रेक अंगणात, चालण्याच्या वेगात दाबावा. गाडीत चालवणाऱ्याशिवाय कुणी नसावे. डिस्कवर गंज धरल्याने सुरुवातीला खरखर होते, ती थोड्या वेळात जाते. न गेल्यास, किंवा गाडी एका बाजूला ओढत असल्यास दाखवून घ्यावी. पाच किलोमीटरवर थांबून प्रत्येक चाकाजवळ हात धरावा. एकच चाक फार गरम लागले तर त्याचा ब्रेक अडकलेला आहे.

शेवटी कागदपत्रे. गाडी उभी असली तरी विम्याची मुदत संपतच असते. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणणे गुन्हा आहे. शिवाय मुदत संपून ९० दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनसही जातो. तेव्हा गाडी शेडमध्ये लावतानाच विम्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

हीच तपासणी ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रेलरलाही लागू आहे. पहिली खेप भरण्यापूर्वी रिकाम्या ट्रेलरवर ब्रेक पाहून घ्यावेत, ही सर्व सभासदांना व वाहनधारकांना आग्रहाची विनंती.