हृदयक्रिया बंद पडल्यास : पहिल्या काही मिनिटांची सेवा

भाविकहो,

श्रींच्या दर्शनाच्या ओढीने आपण दूरदूरच्या गावांहून येता. वृद्ध मातापितरांना, क्वचित हृदयविकाराच्या रुग्णांनाही सोबत आणता. रात्रभराचा प्रवास, उपवास, ऊन, पायऱ्यांची चढण आणि रांगेतील ताटकळणे यांचा शरीरावर ताण पडतो, हे आपण जाणताच.

काही वर्षांपूर्वी चैत्री यात्रेत दर्शनरांगेतील एक वयस्क गृहस्थ अकस्मात कोसळले. आम्ही कार्यालयातील मंडळी धावलो. कोणी पाणी शिंपडले, कोणी वारा घातला, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, तर कोणी तळपाय चोळले. पायथ्याशी असलेले डॉक्टर पायऱ्या चढून येईपर्यंत उशीर झाला होता. भोवती पन्नास माणसे उभी होती. परंतु छातीवर दाब देणारे दोन हात त्यांत नव्हते. तसे हात असते तर ते खात्रीने वाचले असते, असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र ती संधी आम्ही त्यांना दिली नाही, ही खंत आजही आहे. म्हणून हा छोटा पाठ.

विकार कसा ओळखावा?

हृदयविकाराचा झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. झटक्यात हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी तुंबते. छातीत दुखते, घाम फुटतो, जीव घाबरतो; परंतु रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. त्यास चालवू नये. बसवून ठेवावे व तातडीने रुग्णवाहिका बोलवावी.

हृदयक्रिया बंद पडते तेव्हा रक्ताभिसरणच थांबते आणि व्यक्ती काही क्षणांत बेशुद्ध होते. प्राणवायूअभावी चार ते सहा मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. डॉक्टर येईपर्यंतचा हा काळ सर्वस्वी जवळ उभ्या असलेल्या माणसांच्या हाती असतो.

काय करावे?

१. खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसल्यास १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जवळच्या एका व्यक्तीस नेमून डिफिब्रिलेटर यंत्र आणावयास पाठवावे. सर्वांना उद्देशून सांगितलेले काम बहुधा कोणीच करीत नाही.

२. छाती वरखाली होते का, हे १० सेकंदांहून अधिक वेळ न घालविता पाहावे. अधूनमधून लागणारे आचके म्हणजे श्वासोच्छ्वास नव्हे.

३. श्वास नसल्यास व्यक्तीस कठीण, सपाट जागी उताणे निजवावे. पायऱ्यांवर असल्यास लगतच्या सपाट टप्प्यावर घ्यावे.

४. छातीच्या मधोमध एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवून त्यावर दुसरा हात ठेवावा. कोपर ताठ ठेवून, शरीराचा भार देत छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली दाबावी. प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यावी. गती मिनिटास १०० ते १२०, म्हणजे सेकंदास जवळजवळ दोन दाब.

५. या श्रमाने मनुष्य लवकर थकतो. म्हणून दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने जागा घ्यावी. खंड पडू देऊ नये.

तोंडाने श्वास देण्याचा संकोच वाटून पुष्कळजण मागे सरतात. भारतातील भूलतज्ज्ञांनी २०१७ साली सामान्य जनांसाठी जी पद्धत मांडली, तीत केवळ छातीवर दाब देणेच अपेक्षित आहे. ज्यांनी प्रशिक्षण घेतले आहे, त्यांनी ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. कुंडात वा नदीत बुडालेल्या व्यक्तीस आणि लहान मुलांस मात्र श्वास देण्याचे महत्त्व विशेष आहे.

दाबाने एखादी बरगडी मोडू शकते. मोडलेली बरगडी पुढे सांधता येते. गेलेला प्राण परत येत नाही.

डिफिब्रिलेटर यंत्र

अनेकदा हृदय प्रथम पूर्ण थांबत नाही, तर अस्ताव्यस्त थरथरू लागते. विजेच्या झटक्याने ती थरथर थांबवून त्यास पुन्हा लयीत येण्याची संधी हे यंत्र देते. झटका आवश्यक आहे किंवा नाही, हे यंत्र स्वतःच तपासते व आवाजी सूचना देते. ते वापरण्यास डॉक्टर असावे लागत नाही.

यंत्र सुरू करावे. छाती उघडी करून, स्नानाने वा घामाने ओली असल्यास पुसून घ्यावी. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरे डाव्या काखेखाली बरगडीवर चिकटवावे. माळा व दागिने बाजूस सारावेत. यंत्र तपासणी करीत असता आणि झटका देताना रुग्णास कोणीही स्पर्श करू नये. त्यानंतर लगेच पुन्हा दाब सुरू करावेत. रुग्ण हालचाल करू लागेपर्यंत किंवा वैद्यकीय मदत येईपर्यंत ते थांबवू नयेत.

हे टाळावे

बेशुद्ध व्यक्तीच्या मुखात पाणी, तीर्थ वा प्रसाद घालू नये. त्यास उठवून बसवू नये. भोवती गर्दी न करता मदतीसाठी वाट मोकळी ठेवावी.

देणगीदारांस विनंती

अशी यंत्रे देण्याची इच्छा अनेक दाते व्यक्त करतात, ही समाधानाची बाब होय. परंतु पॅड व बॅटरी यांना मुदत असते. मुदत संपलेले किंवा कुलपात बंद असलेले यंत्र ऐन वेळी निरुपयोगी ठरते. तरी यंत्राइतकेच त्याची देखभाल आणि सेवेकऱ्यांचे प्रशिक्षण यांसाठीही दान द्यावे. या दानावर नावाची पाटी लागणार नाही. पण त्यामुळे एखाद्या घरचा कर्ता माणूस घरी परत जाईल.

भाविकांनी आपल्या गावी परतल्यावर संधी मिळताच जवळच्या रुग्णालयात वा प्रशिक्षण वर्गात जाऊन ही कृती पुतळ्यावर प्रत्यक्ष करून पाहावी. केवळ वाचून हातास सवय होत नाही. आपण शिकलेली ही सेवा रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी यात्रेकरूच्या उपयोगी पडेल, तशीच घरातील माणसाच्याही.



सचिव, संस्थान कार्यालय