विवाह-नियोजनाचा व्यवसाय : आधी पाहणी, मग भांडवल

बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला दोन प्रकारचे कर्जदार नेहमी भेटतात. एक म्हणजे मुलीच्या किंवा मुलाच्या लग्नासाठी कर्ज काढणारे पालक आणि दुसरे म्हणजे छोटा धंदा सुरू करू पाहणारे तरुण. पहिल्याला हिशोब सापडत नाही, कारण लग्न अंगावर आलेले असते. दुसऱ्याने हिशोब मांडलेलाच नसतो, कारण उत्साह मोठा असतो. अलीकडे या दोघांना जोडणारा एक व्यवसाय पुढे येत आहे, तो म्हणजे विवाह-नियोजन. आपल्या पदवीधर मुला-मुलींपैकी अनेकांना तो करावासा वाटतो. करावा, जरूर करावा. परंतु त्यात उतरण्यापूर्वी कोणती पाहणी करावी, हिशोब कसा मांडावा आणि कर्ज केव्हा काढावे याचा विचार या लेखात करू.

व्यवसाय नेमका कोणता?

विवाह-नियोजन म्हणजे मंडप, भांडी किंवा लाइट भाड्याने देणे नव्हे. ते धंदे वेगळे आणि त्यांना भांडवलही वेगळे लागते. नियोजक विकतो ती जुळवाजुळव. सुपारी फुटल्यापासून वरात घरी पोहोचेपर्यंत कार्यालय, मंडपवाला, आचारी, वाढपी, फुलारी, फोटोग्राफर, बेंजो, पत्रिका, पाहुण्यांच्या गाड्या आणि पाण्याचा टँकर या सगळ्यांची वेळ जमवणे व ठरलेल्या पैशात काम उरकणे, ही त्याची सेवा होय. म्हणून या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे माहिती, ओळखी आणि शब्द पाळण्याची सवय. पहिल्याच महिन्यात खुर्च्या आणि साउंड सिस्टिम विकत घेणारा तरुण नियोजक न होता नवखा मंडपवाला होतो, आणि जुन्या मंडपवाल्यांशी स्पर्धेत पडतो.

कोल्हापूरचे एक उदाहरण

गंगाराम कांबळे यांची हकीकत आपल्या सर्वांना ठाऊक आहे. संस्थानच्या पागेत नोकरीला असताना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढण्यास सांगितले आणि भाऊसिंगजी रोडवर त्यांचे 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. जागा मोक्याची होती आणि चहाही चांगला होता, पण अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. पुढे सोडा तयार करण्याचे यंत्रही त्यांनी दिले.

या प्रसंगाचा सामाजिक अर्थ आपण दरवर्षी सांगतो. त्यात व्यापाराचाही एक धडा आहे. माल चांगला असला आणि जागा चांगली असली तरी ग्राहकाचा विश्वास ही तिसरी गोष्ट लागतेच. आज महाराजांसारखा पहिला ग्राहक प्रत्येकाला मिळणार नाही. म्हणून आपल्यावर पहिला विश्वास कोण टाकेल, हे धंदा सुरू करण्यापूर्वीच शोधावे लागते. या शोधालाच बाजार-पाहणी म्हणतात.

पाहणी कोणाची करावी?

२०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३८ लाख ७६ हजार आणि शहराची सुमारे साडेपाच लाख होती. तालुके बारा. एवढ्या मोठ्या आकड्याने हुरळून जाऊ नये. चंदगडचे लग्न आणि राजारामपुरीतील लग्न एकाच माणसाला पहिल्या वर्षी झेपणार नाही. प्रथम एक क्षेत्र ठरवावे. उदाहरणार्थ शहराचा काही भाग आणि करवीर-कागल बाजूची जवळची गावे, किंवा हातकणंगले-शिरोळचा पट्टा. त्यानंतर एक वही घेऊन तीन ठिकाणी फिरावे.

पहिले ठिकाण म्हणजे गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या घरी लग्न झाले अशी पन्नास घरे. येथे एक खबरदारी घ्यावी. 'आम्ही अशी सेवा सुरू केली तर तुम्ही घ्याल का?' असे विचारू नये. कोल्हापूरचा माणूस दिलदार आहे, तो 'व्हय, चांगलं हाय की' म्हणून चहा पाजेल. त्या होकाराची किंमत शून्य. जे घडून गेले तेच विचारावे :

१. लग्नाला एकूण खर्च किती झाला आणि आधी किती धरला होता?
२. वाढीव खर्च कोणत्या बाबीवर झाला?
३. कोणत्या कामात जास्त धावपळ झाली? ती कोणी केली?
४. जेवण कमी पडले की उरले? किती?
५. ठरलेल्या वेळेपेक्षा लग्न किती उशिरा लागले?
६. कोणाला पैसे देऊन एखादे काम सोपवले होते का? किती दिले?

सहावा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याने पूर्वी जुळवाजुळवीसाठी पैसे मोजले आहेत, तोच उद्याचा ग्राहक.

दुसरे ठिकाण म्हणजे मंगल कार्यालये, सांस्कृतिक भवने आणि लॉन. आपल्या क्षेत्रातील प्रत्येक ठिकाणी जाऊन वर्षाला किती कार्ये होतात, त्यांपैकी लग्ने किती, भाड्यात काय काय येते, बाहेरचा आचारी चालतो की नाही, हे टिपून घ्यावे. काही कार्यालये जेवणासह सगळे एकत्रच देतात. तेथे नियोजकाला फारशी जागा उरत नाही.

तिसरे ठिकाण म्हणजे धंद्यातील माणसे. किमान पाच आचारी, पाच मंडपवाले आणि पाच फोटोग्राफर यांचे दर लिहून घ्यावेत. बोलीचे दर आणि पावतीवरचे दर यांतील फरकही लिहावा.

खरा प्रतिस्पर्धी कोण?

शहरातील दुसरी नियोजन-संस्था हा आपला मोठा प्रतिस्पर्धी नव्हे. खरा प्रतिस्पर्धी म्हणजे मुलीचा मामा, भावकी आणि पेठेतील तालीम मंडळाची पोरे. ही मंडळी हे काम हौसेने आणि फुकट करतात. जेथे मामा खमका आहे आणि तालमीची वीस पोरे पंगतीत वाढायला उभी राहतात, त्या घराला नियोजकाची गरज नाही. परंतु ज्या घरातील मुले पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत आणि लग्नाच्या आदल्या दिवशी रजा टाकून येतात, ज्या घरात आई एकटीच कर्ती आहे, किंवा जेथे नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, तेथे धावणारा माणूस पैसे देऊनही हवा असतो. आपल्या वहीत अशी घरे किती निघतात, हाच बाजाराचा खरा आकार.

ग्राहकांचे गट

आपल्या जिल्ह्यात लग्नाच्या रीती अनेक आहेत आणि नियोजकाला त्या माहीत असाव्या लागतात. शिरोळ-हातकणंगले भागात जैन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तेथे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणे महत्त्वाचे मानतात, म्हणजे आचाऱ्याची वेळ बदलते. काही घरांत लग्नाचे जेवण शाकाहारी, पण देवकार्याचे मटणाचे जेवण वेगळे असते. त्याचा हिशोब वेगळा धरावा लागतो. निपाणी, बेळगाव, सांगली किंवा कोकणातील सोयरीक असेल तर गाड्या आणि मुक्कामाची सोय हा मोठा विषय होतो.

बौद्ध पद्धतीचा मंगल परिणय हा आपल्या ओळखीचा गट. बौद्धाचार्य, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, पांढरी वस्त्रे, फुले, त्रिशरण-पंचशील असा हा विधी सुटसुटीत आहे. त्याला मुहूर्ताची अट नाही, आणि हा व्यापाराच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. तुळशीच्या लग्नानंतर पंचांगात मुहूर्त सुरू होतात आणि आषाढात थांबतात. दाट मुहूर्ताच्या दिवशी कार्यालय, आचारी, बेंजो सगळेच महाग, आणि पुष्कळदा मिळतही नाहीत. मुहूर्त नसलेल्या रविवारी तीच कार्यालये रिकामी असतात. तेथे भाव करता येतो. 'तारीख बदला, मी तुमचे इतके पैसे वाचवतो' असे आकड्यांसह सांगू शकणारा नियोजक या घरांना खरोखर उपयोगी पडेल. शिवाय विधी अर्ध्या तासाचा आणि वरात तीन तासांची, म्हणून पाहुणे उपाशी, ही तक्रार नेहमीची आहे. वेळेवर लग्न लावून देणे हीसुद्धा विकण्याजोगी सेवा आहे.

हिशोब मांडून पाहू

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपापल्या वहीतील आकडे घालून तो पुन्हा करावा.

समजा, आपल्या क्षेत्रात १२ कार्यालये आहेत आणि प्रत्येकात वर्षाला ४० कार्ये होतात. एकूण ४८०. त्यांपैकी एक चतुर्थांश बारसे, वाढदिवस वगैरे वजा केल्यास ३६० लग्ने उरतात. तीस लग्नांपैकी एक आपल्याला मिळाले तर वर्षाची १२ लग्ने. एका लग्नाचा खर्च सरासरी ४ लाख रुपये आणि आपला मोबदला ५ टक्के धरला तर दर लग्नाला २०,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,४०,००० रुपये.

आता खर्च. फोन, प्रवास आणि किरकोळ मिळून दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे ६०,००० रुपये. प्रत्येक लग्नाला तीन मदतनीस, प्रत्येकी ८०० रुपये, म्हणजे १२ लग्नांचे २८,८०० रुपये. छपाई व जाहिरात १५,००० रुपये. एकूण १,०३,८०० रुपये. शिल्लक १,३६,२०० रुपये, म्हणजे महिन्याला ११,३५० रुपये.

याच माणसाने सुरुवातीलाच ३ लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले असेल तर मासिक हप्ता सुमारे ६,५०० रुपये येतो. हातात उरतात ४,८०० रुपये. कर्ज न काढणारा ११,००० मिळवतो, आणि कर्जाने खुर्च्या घेणारा पाच हजारांवर येतो. शिवाय उत्पन्न हंगामी, हप्ता मात्र श्रावणातही भरावा लागतो. यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिल्या वर्षी हा जोडधंदा समजून हातची नोकरी सोडू नये, आणि सामान भाड्यानेच घ्यावे. मागणी सिद्ध झाल्यावर भांडवल घालावे.

कायदा व कागदपत्रे

१. धंद्याचे चालू खाते घरच्या खात्यापेक्षा वेगळे असावे. ग्राहकाची आगाऊ रक्कम हे आपले उत्पन्न नव्हे, ती त्याची ठेव आहे. ती दुसऱ्या लग्नात वापरायला सुरुवात झाली की धंदा बुडू लागला असे समजावे.

२. सूक्ष्म उद्योगासाठी उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन होते, ती करून घ्यावी.

३. सेवा-व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्यास जी.एस.टी. नोंदणी लागते. वरील उदाहरणात सर्व बिले नियोजकाने आपल्या नावाने केली तर उलाढाल ४८ लाख होते. आचारी, मंडपवाले यांना कुटुंबाने थेट पैसे दिले आणि नियोजकाने फक्त मोबदला घेतला तर ती २ लाख ४० हजारच राहते. थेट पैसे देण्याची पद्धत ग्राहकालाही स्वच्छ वाटते.

४. वधू-वरांच्या वयाचा पुरावा पाहिल्याशिवाय काम घेऊ नये. मुलीचे १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असा विवाह लावणाऱ्यास किंवा त्यास साहाय्य करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

५. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वरातीची वेळ त्याप्रमाणे आखावी. विवाह नोंदणीसाठी लागणारे वयाचे व पत्त्याचे पुरावे, फोटो आणि तीन साक्षीदार यांची तयारी करून देणे ही सेवाही यादीत घालावी.

कर्ज कोठे व केव्हा?

वर्षभराचा अनुभव आणि नोंदी हातात आल्यावर बँकेत यावे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र येथेही चौकशी करावी. योजनांच्या अटी बदलत असतात, म्हणून कोणा मध्यस्थाच्या तोंडी माहितीवर न जाता कार्यालयात स्वतः जावे. कोठेही गेलात तरी साहेब पहिला प्रश्न हाच विचारतात : गिऱ्हाईक कोण, आणि कशावरून? तेव्हा पन्नास घरांची वही टेबलावर ठेवता आली पाहिजे. सुंदर टाइप केलेल्या प्रकल्प अहवालापेक्षा तिचे वजन जास्त असते.

धोके

मार्च २०२० च्या टाळेबंदीत लग्ने अचानक थांबली. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले आणि रस्ते बंद झाले. म्हणून पावसाळ्यातील कार्यालय निवडताना पुराची रेषा पाहावी. लग्न रद्द झाल्यास किंवा पुढे गेल्यास कोणाचे किती पैसे परत, हे आधीच लेखी ठरवावे. आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याखेरीज हा धंदा पूर्णवेळ करू नये.

शेवटी एक गोष्ट. या व्यवसायाचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ग्राहकाला थाट वाढवायला लावून टक्केवारी वाढवणे. दुसरा म्हणजे ठरलेल्या पैशात, वेळेवर, अन्न वाया न घालवता लग्न पार पाडणे. पहिल्या मार्गाने पैसा लवकर मिळतो, पण ते घर पुढची पाच वर्षे हप्ते भरते आणि नियोजकाचे नाव दुसऱ्या घरी सांगत नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये पहिला साधा विवाह लावला, तेव्हा कर्जबाजारीपणातून माणसाला सोडवणे हाही त्यामागचा एक विचार होता. टक्केवारीऐवजी ठरावीक मोबदला घेतला तर खर्च वाचवण्यात नियोजकाचे नुकसान होत नाही. पाहणी करताना लोकांना हेही विचारावे की ठरावीक रक्कम द्यायला ते तयार आहेत का आणि किती. आमच्या विद्यार्थी मित्रांनी दिवाळीच्या सुट्टीत दोघा-तिघांचा गट करून ही पन्नास घरांची पाहणी करून पाहावी. त्यातून धंदा निघाला तर उत्तम. नाही निघाला तरी खर्च एका वहीचा आणि चार आठवड्यांच्या पायपिटीचा. तीन लाखांच्या कर्जापेक्षा हा धडा कितीतरी स्वस्त आहे.