धोका नसताना भीती का?

"एचआयव्ही असलेल्या मित्राच्या ताटात जेवलो. आता मलाही होईल का?" या धास्तीने काहींची झोप उडते. घसा दुखला तरी लक्षणच वाटते. पण धडधड, घाम, भूक मरणे हे नुसत्या भीतीनेही होते.

एचआयव्ही असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, वापरलेली सुई आणि बाधित आईकडून बाळाला, असाच पसरतो. एका ताटात जेवणे, मिठी, डास, सार्वजनिक संडास यांतून पसरत नाही. म्हणून मित्राला दूर लोटू नका.

निरोध फाटला, वापरलेली सुई टोचली, तर मात्र लगेच सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. ती २८ दिवस घ्यायची असतात.

शंका असेल तर आयसीटीसी केंद्रात जा. तिथे समुपदेशन व तपासणी मोफत आहे, आणि माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. प्रसंगानंतर तीन महिन्यांनी केलेली तपासणी निगेटिव्ह आली की त्या प्रसंगाची काळजी सोडा. पुन्हा पुन्हा तपासण्या, मोबाईलवर लक्षणे शोधणे यांनी भीती वाढतेच. तरीही मन शांत होत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर बोला, डॉक्टरांना सांगा. भीतीवरही उपचार आहे. त्यात लाज कसली?