दगडफुलावर जगणारे वानर

आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूल हे फूल नव्हेच, असे वर्गात सांगितले की मुलांना दरवेळी नवल वाटते. कवक आणि शैवल यांच्या सहजीवनातून ते घडते, म्हणून त्याचे शास्त्रीय नाव शैवाक. आपल्याला ते चिमूटभर पुरते. चीनच्या युनान प्रांतात व लगतच्या तिबेटात, मेकाँग आणि यांगत्से या नद्यांच्या मधल्या पर्वतांवर राहणाऱ्या एका वानराचे पोट मात्र मुख्यतः अशाच शैवाकांवर भरते.

हे युनानचे नकटे वानर. अंगावर काळे-पांढरे दाट केस, ओठ गुलाबी. सुमारे 3000 मीटरपासून 4000 मीटरच्याही वर, हिवाळ्यातल्या बर्फातही ते टिकून राहते. वसंतात कोवळी पालवी, पुढे बांबूचे कोंब, शरदात फळे व बिया ते आवडीने खाते. दक्षिणेकडच्या सखल डोंगरांत बांबूच्या पानांचा वाटा मोठा असतो. परंतु हे सारे हंगामी. फरच्या जुन्या वृक्षांवर दाढीसारखे लोंबणारे शैवाक तेवढे बारा महिने मिळते. त्यात प्रथिने थोडी. तरी या वानराच्या जठराला कप्पे असतात आणि तिथले जीवाणू अन्न आंबवून पचनास साहाय्य करतात.

खरी अडचण शैवाकाच्या वाढीची. ती इतकी संथ, की एकदा खाल्लेली फांदी पुन्हा भरायला अनेक वर्षे लागतात. म्हणून कळपाला सतत पुढे सरकावे लागते आणि त्यासाठी विस्तीर्ण अरण्य हवे.

1983 साली बैमा हिमपर्वतावर अभयारण्य झाले, तरी परिसरातील वृक्षतोड चालूच राहिली. 1995 च्या सुमारास शी झिनोंग या छायाचित्रकाराने एका नियोजित तोडीविरुद्ध आवाज उठवला आणि ती थांबली. 1998 च्या यांगत्सेच्या महापुरानंतर नैसर्गिक वनांच्या तोडीवर व्यापक बंदी आली. एके काळी शिकार करणारे काही लिसू ग्रामस्थ आज वनरक्षक आहेत. 1990 च्या दशकात 2000 हून कमी असलेली वानरसंख्या आता 3000 च्या वर गेली आहे. एका खोऱ्यात पर्यटकांना दिसावे म्हणून एका कळपाला रोज खाऊ घालतात. ते आम्हांस रुचत नाही, कारण भटकणे हीच या वानराची खाण्याची रीत आहे.

‘मग नवी झाडे लावली तर?’ असे मुले विचारतात. लावावीत, पण त्यांच्यावर वानराचे पोट भरेल एवढे शैवाक लोंबू लागेपर्यंत आज विचारणारी मुले आजोबा झालेली असतील.